सरूची पाठ

पाव

आडोसा हवा असलेलं माणूस रोपवाल्याला लांबूनच ओळखू यायचं. फुलझाडं घ्यायला आलेलं माणूस वाकून चालतं, पानांना हात लावतं, वास घेतं. आडोसा हवा असलेलं माणूस मान वर करून चालतं. त्याच्या डोळ्यांपुढे झाड नसतंच, झाडामागे झाकला जाणारा कुणीतरी असतो.

असं माणूस फाटकातून आत आलं की रोपवाला हातातली झारी खाली ठेवायचा आणि सुरू व्हायचा.

"उंच हवंय, पसरट नको, बारा महिने हिरवं हवंय आणि उद्याच हवंय. बरोबर? उद्याचं सोडून बाकी सगळं मिळेल. बांबू लवकर वाढतो, पण तो जमिनीखालून चालत जाऊन शेजाऱ्याच्या न्हाणीत उगवतो, मग ते भांडण माझ्याकडे आणायचं नाही. मोरपंखी दाट आहे, देखणी आहे, पण छातीइतकी झाली की तिथेच विचार करत बसते. सरू घ्या. सरळ वर जातो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पहिलं वर्षभर मुळं धरेल, वर काही दाखवणार नाही, तेव्हा मला शिव्या घालायच्या नाहीत. गर्दी करून लावू नका, वाढल्यावर एकमेकांचा श्वास कोंडतात. आणि कात्री लावायची तर हिरव्यातच. आतल्या तपकिरी लाकडापर्यंत गेलात तर तिथे परत पालवी नाही. उघडं पडलं ते पडलं."

हे शेवटचं वाक्य पूर्वी तो दमदारपणे म्हणायचा, कात्री हवेत एकदा कचकन वाजवून. अलीकडे ते घाईघाईत उरकून टाकायचा. कारण शेडमध्ये, पिशव्यांत माती भरत, त्याची बायको बसलेली असायची आणि तिला सगळं ऐकू जायचं.

गेल्या हिवाळ्यात तिची डावी छाती काढली होती. काखेतल्या गाठीही काढल्या. जखम भरली, टाके सुकले, रंगही परत आला, पण हात खांद्याच्या वर जाईना. खांद्यापर्यंत यायचा आणि दार लावल्यासारखा थांबायचा. दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी सांगितलं होतं: भिंतीला तोंड करून उभं राहायचं, बोटं भिंतीवर ठेवायची आणि एकेक बोट पुढे टाकत हात वर चढवायचा. रोज. कंटाळा केलात तर उन्हाळा संपेपर्यंत खांदा आहे तिथेच बसेल, मग कुणी हलवू शकणार नाही.

"भिंतीवर चालायला मी काय पाल आहे?" ती घरी आल्यावर म्हणाली. पण करायची. खाट सरकवून, खोलीतल्या ओल धरलेल्या भिंतीपुढे उभी राहायची आणि चारदोन बोटांतच वैतागायची. जन्मभर उघड्यावर काम केलेली बाई. तिला भिंतीकडे तोंड करून उभं राहणं म्हणजे शाळेत शिक्षा झाल्यासारखं वाटायचं.

तशी ती रडणारी नव्हती. दवाखान्यातून आल्यावर तिने जुन्या कापडाची पिशवी शिवली, तिच्यात नारळाचा भुसा भरला, कुंड्यांत घालतात तोच, आणि ती रिकाम्या बाजूला बसवली. दुपारपर्यंत घामाने भुसा फुगला आणि पिशवी सरकत सरकत कमरेपर्यंत आली. "पाणी मिळालंय," ती नवऱ्याला म्हणाली, "आता काही उगवतंय का बघू." मग पिशवी काढून तिने कोपऱ्यातल्या कुंडीत रिकामी केली आणि नवऱ्याचे ढगळ सदरे घालायला लागली.

उन्हात हात सैल पडतो हे तिचं तिलाच कळलं. अंगणाच्या भिंतीवर सकाळचं ऊन असायचं. तिथे ती रोज उभी राहायला लागली. पहिल्याच दिवशी बोटं विटांवर ठेवली, हात खांद्यापर्यंत नेला, दात आवळले, अजून थोडा वर.

"अजून, अक्का. अजून वीतभर. येतोय, येतोय."

वरच्या खिडकीत धाकटी उभी होती.

धाकटी म्हणजे रोपवाल्याच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ ट्रक चालवायचा, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. गेल्या वर्षी त्याने लगतच्या घरावर मजला चढवला आणि त्याला अंगणाकडे तोंड करून मोठी खिडकी ठेवली. खिडकीतून सगळं दिसायचं. कोण काय भरतंय, कोण काय खातंय, कोणाचा हात कुठवर गेला. धाकटीच्या पोटात पाप नव्हतं. शर्यतीच्या कडेला उभं राहून ओरडावं तशी ती जीव तोडून ओरडायची, आणि हात परत खाली आला की तिचा चेहराच पडायचा. एकदा तर तिने खिडकीतच डोळे पुसले.

त्या दिवशी बायको आत गेली ती परत भिंतीपाशी आली नाही. खोलीतली खाटही तिने पुन्हा भिंतीला लावली. जेवताना नवऱ्याच्या ताटाकडे बघत म्हणाली,

"अख्ख्या गावाला आडोसे विकता. मला एक द्या."


अर्धा

गिऱ्हाइकाला उत्तर देणं सोपं होतं. घरच्या माणसापुढे रोपवाल्याचं भाषण चालेना. बांबू नको, भावाच्याच घरात उगवायचा. मोरपंखी खिडकीला पुरायची नाही. सरू गुडघ्याएवढे. उद्याचं सोडून बाकी सगळं मिळेल, हे त्याचंच वाक्य आता त्याच्यावरच उलटलं.

मग त्याला शेडमागचे सरू आठवले.

एका गृहस्थांनी बंगल्यासाठी सांगून ठेवलेले होते. बंगला झाला, गृहस्थ दुसरीकडे राहायला गेले, सरू राहिले. मोठाल्या कुंड्यांत, पत्र्याच्या भिंतीला पाठ लावून, एका ओळीत. पाइपने समोरून पाणी मारायचं आणि पुढे जायचं, एवढाच त्याचा त्यांच्याशी संबंध. बायकोचं आजारपण सुरू झाल्यापासून तर तेही तो पळत पळत करायचा. दोन माणसांची उंची झाली होती. समोरून बघावं तर शिपाई उभे केल्यासारखे, हिरवेगार, पायापासून शेंड्यापर्यंत.

त्याने पहिल्याच्या फांद्या धरून पुढे ओढल्या आणि मागे डोकावून बघितलं.

पाठ नव्हतीच. म्हणजे होती, पण उघडी. पत्र्याकडची सगळी बाजू तपकिरी, वाळकी, हात लावला की भुगा. आतल्या फांद्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक दिसत होत्या. दुसरा तसाच. शेवटचाही तसाच. रोपवाला उकिडवा बसला. त्याच्या नर्सरीत आजवर कुठल्या सरूला पाठ म्हणून नव्हती, ज्या बाजूने बघावं तिथे तोंडच. कोळी नावाची कीड लागली असेल म्हणून त्याने फांद्या पांढऱ्या कागदावर झटकून बघितल्या. काही पडलं नाही. तरी साबणाचं पाणी फवारलं. तपकिरीचं हिरवं होणार नाही हे त्याला सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं, पण हात स्वस्थ बसेनात.

दुसरं काही हाताशी नव्हतं. ऊन तापायला लागलं होतं, अशात मुळं हलवून जमिनीत लावले तर झाडं जातील. थंडावा येईपर्यंत कुंड्यांतच राहू देत, नुसती ओळ दोन घरांमधल्या हद्दीवर नेऊन मांडू, असं त्याने ठरवलं. पण एकेक कुंडी दोघांना भारी. बायकोला उचलायची बंदी. भाऊ बाहेर. उरली धाकटी.

तिला हाक मारायला त्याची जीभ रेटेना. ती मात्र खिडकीतून बघतच होती, आपणहून खाली आली, बाह्या दुमडल्या आणि गोणपाटाचं एक टोक धरलं. कुंडी गोणपाटावर चढवायची, दोघांनी ओढायची, विटेचा तुकडा लावून सरळ करायची. धाकटी ओढताना बोलत होती. ट्रकचं चाक कसं फुटलं, टाकीत पाल कशी पडली, अक्का काल पिशव्या भरताना गुणगुणत होत्या. अक्का गुणगुणल्या हे तिने दोनदा सांगितलं. मग विचारलं, ही ओळ कशाला?

"वारा येतो," रोपवाला म्हणाला. "रोपं करपतात."

कुंडी जागेवर आली की तो झाडाचं तोंड अंगणाकडे करायचा. हिरवं बायकोला दिसावं, पाठ पलीकडे जावी. धाकटी पलीकडून खोड धरून उभी असायची. प्रत्येक खेपेला तिच्या नाकापुढे ती वाळकी, उघडी बाजू यायची. तिची बडबड कमी कमी होत गेली, आणि शेवटचा सरू उभा राहिला तेव्हा दोघं नुसतीच धापा टाकत होती.

तिने ओळीकडे बघितलं. मग मान वर करून आपल्या खिडकीकडे बघितलं.

"वारा माझ्या खिडकीतून येतो होय, भाऊजी?"

रोपवाल्याने खाली वाकून एक वीट उगाच नीट केली. उठेपर्यंत धाकटी गेली होती. दुपारी खिडकी बंद झाली. त्या उकाड्यात, दोन्ही दारं.


पाऊण

बायको सकाळी बाहेर आली. ओळ बघून उंबऱ्यातच थांबली. मग खुर्ची घेऊन उन्हात बसली, सदऱ्याची वरची बटणं सोडली आणि डोळे मिटले. रोपवाला लांबून बघत होता. असा चेहरा त्याने हिवाळ्यापासून बघितला नव्हता. आपण फार मोठं काम केलं असं त्याला वाटायला लागलं, आणि तसं वाटायला लागलं की तो शीळ घालायचा. घालायला लागला.

"एवढं शांत का आहे?" ती डोळे न उघडता म्हणाली.

"आडोसा आहे ना आता."

"आडोशाने आवाज बंद होतो का? सकाळपासून तिचं भांडं वाजलं नाही, नळ वाजला नाही." तिने डोळे उघडले. शेंड्यांच्या वर खिडकीच्या बंद दारांची फक्त वरची कड दिसत होती. ती उठली आणि चालत ओळीच्या टोकाला गेली, तिथून पलीकडे.

मग तिने हाक मारली. ती हाक रोपवाल्याला लग्नापासून माहीत होती. शीळ थांबवून तो गेला.

"हे काय आहे?"

"रोग पडलाय कसलातरी. कोळी म्हणावा तर कोळी नाही. मी साबणाचं पाणी..."

"रोग नाही, अंधार आहे. वर्षभर यांना कुणी फिरवलं नाही."

"झाडं कशाला फिरवायची?"

तिने त्याच्याकडे असं बघितलं की आपण अंगात कपडे घातलेत की नाही अशी त्याला शंका आली. मग सांगितलं. झारी घेऊन जाताना वाटेतल्या कुंडीला गुडघा लावायचा, खोड बुडाशी धरायचं आणि कुंडी पाव फेरा फिरवायची. पुढच्या वेळी पुढचा पाव. म्हणजे भिंतीकडची बाजू उजेडात येते आणि झाड चहूबाजूंनी भरतं. सगळ्या कुंड्या, जाता-येता. गेल्या वर्षी तिच्या दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या, तशा कुंड्या जिथल्या तिथे राहिल्या.

"इतकी वर्षं?" रोपवाल्याने विचारलं.

"मग तुम्हाला काय वाटलं, तुमची भाषणं ऐकून गोल वाढतात?"

या नर्सरीतल्या सरूंना पाठ नसते, हे गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगताना स्वतःचीच मेहनत असल्यासारखं कपाळ पुसलेलं त्याला आठवलं, आणि त्या वेळी मागून झारी घेऊन जाणारी बाईही आठवली.

"आणि ही बाजू तिच्याकडे केलीत," बायको म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. दवाखान्यात खाटेखाली कोण झोपलं, जखमेतल्या नळीची बाटली कोण रिकामी करत होतं, पहिल्यांदा पट्टी सुटली तेव्हा हात कुणाचा धरला होता, हे तिने एकेक करून विचारलं, आणि सगळ्याचं उत्तर एकच होतं, धाकटी. "तिच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. ती माझ्यासाठी रडते ते मला बघवत नाही, एवढंच. त्यासाठी तिच्या दारात वाळकी झाडं उभी करायची? तोंड तिच्याकडे करा."

"मग ही उघडी बाजू दिवसभर तुझ्यापुढे येईल."

"येऊ दे. रोज आंघोळीला बघतेच की." ती थांबली. "तुम्हीच बघत नाही."

हे खरं होतं. ती कपडे बदलायला लागली की त्याला बाहेर काहीतरी काम आठवायचं. पाइप गळत असायचा, फाटक उघडं असायचं. तिला संकोच नको, असं तो स्वतःला सांगायचा. आता तो सरूच्या वाळक्या फांद्यांकडे बघत उभा राहिला, आणि मग तिच्याकडे बघितलं. सदऱ्याची बटणं अजून सुटीच होती. या वेळी त्याला पाइप आठवला नाही.

"गुडघा लावा," ती म्हणाली. "नुसते उभे काय राहताय."

त्याने गुडघा लावला. कुंडी हलेना. ती म्हणाली की जोर लावायचा नसतो, कुंडी थोडी कलती करायची आणि काठावर चालवायची, हट्टी म्हशीला वळवतात तशी, ढकललं की ती अडते. त्याने कलती केली आणि झाड त्याच्या अंगावर आलं. ती हसली आणि तिने पुढे होऊन खोड धरलं. दोन्ही हातांनी. त्याने "अगं, अगं" केलं तर म्हणाली, मी उचलत नाहीये, नुसती वाट दाखवतेय. पाव, मग अर्धा. हिरवं तोंड हळूहळू खिडकीकडे गेलं आणि पाठ अंगणात आली.

ऊन चढेपर्यंत ओळ फिरली. दोघं मातीने आणि सरूच्या भुशाने माखली होती, केसांतसुद्धा कचरा. शेवटच्या झाडापाशी श्वास घ्यायला म्हणून तिने डाव्या हाताने समोरची फांदी धरली. मग तिच्या वरची. उघड्या फांद्या हाताच्या मापाने, एकावर एक. तिसरीवर बोटं गेली आणि तिथे थांबली.

"आता हे भिंतीपेक्षा बरं आहे," ती म्हणाली. "धरायला तरी आहे काहीतरी."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज तिथे उभी राहायची. ज्या फांदीपर्यंत हात गेला तिला सुतळीचा तुकडा बांधायची. कधी सुतळी आठवडाभर तिथेच असायची, कधी एक पायरी खालीही यायची, आणि त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडायचं.

खिडकी दुसऱ्याच दिवशी उघडली. धाकटीने हिरवी भिंत बघितली. दोन दिवस तिच्या बांगड्या खिडकीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे वाजताना ऐकू येत होत्या, फट शोधत असावी. फट नव्हती, हिरवी बाजू चांगली भरलेली होती. तिसऱ्या दिवशी फाटक वाजलं. धाकटी सुपात शेंगा घेऊन उभी होती.

"दिसत नाही तुम्ही," ती म्हणाली, "म्हणून आले."

अक्काने पायाने खुर्ची तिच्याकडे सरकवली. एकच अट घातली: शेंगांकडे बघून सोलायचं. अजून म्हणायचं नाही, येतोय म्हणायचं नाही, डोळे पुसायचे असतील तर घरी जाऊन. धाकटीने मान हलवली. पहिल्याच दिवशी तिच्या तोंडून अर्धा "अजू" निघाला आणि कपाळावर शेंगेचं टरफल बसलं.


उलटा

उन्हाळा उतरणीला लागला. रोपवाल्याच्या भाषणात एक वाक्य वाढलं. कुंडीत असेपर्यंत झाड फिरवत राहा, नाहीतर त्याला पाठ येते. कुठे शिकलात, असं एकाने विचारलं तर म्हणाला, घरात.

आता झारी हातात घ्यायच्या आधी तो कुंड्यांच्या रांगांतून जायचा. गुडघा लावायचा, खोड बुडाशी धरायचा. पाव फेऱ्याचा अंदाज त्याला येत नव्हता, कधी कमी व्हायचा कधी जास्त, आणि गुडघ्याला काळा-निळा डाग कायमचा झाला होता. त्या सकाळी तो मोरपंखीच्या रांगेत होता. पलीकडे सरूंपाशी बायको उभी होती, आणि धाकटी सूप मांडीवर घेऊन शेंगांकडे बघत होती.

"उलटं फिरवताय."

त्याने मान वर केली. "काय?"

"उलटं. काल त्या बाजूने फिरवलंत, आज या बाजूने. कालचा उजेड परत अंधारात घातलात." बायकोला राग आला होता. इतक्या सोप्या गोष्टीसाठी रागवावं लागतंय याचा. "असं फिरवायचं. असं."

आणि तिने हात वर करून हवेत फेरा काढून दाखवला. डावा हात. सरळ, डोक्याच्या वर, बांधलेल्या सुतळीच्याही वर, बोट आभाळात. ढगळ सदऱ्याची बाही घसरत खांद्यापर्यंत आली होती.

धाकटीच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली. तिने रोपवाल्याकडे बघितलं. रोपवाल्याने तिच्याकडे. धाकटीने ओठ दातांखाली घट्ट धरला आणि मान खाली घालून शेंगांत बघायला लागली.

"कळलं का?" बायकोने विचारलं. हात अजून वरच होता. तिला पत्ताच नव्हता.

"कळलं," रोपवाला म्हणाला. तो पुढच्या कुंडीपाशी गेला, वाकला, गुडघा लावला आणि तीही उलटीच फिरवली.